एक लाइफ बाकी

प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या शब्बाथ शाळेतली पाच मुलं एकाएकी यायची बंद झाली.

शब्बाथ शाळा म्हणजे रविवारी उपासनेआधी भरणारा ख्रिस्ती मुलांचा वर्ग. सुरतेतली आमची मराठी मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समाज, लहान होती, तीस-पस्तीस घरं असतील. बहुतेक जण नगर आणि जालन्याकडून आलेले. कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये. आमचं स्वतःचं चर्च नव्हतं. उधन्याजवळच्या गुजराती मंडळीनं त्यांचं चर्च आम्हाला रविवारी दुपारी वापरायला दिलं होतं. सकाळी त्यांची उपासना, चार वाजता आमची, आणि तीन वाजता मागच्या व्हरांड्यात माझा वर्ग. अकरा मुलं, एक सतरंजी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक फळा, जो धडा संपेपर्यंत हळूहळू खाली सरकायचा.

मी तेवीस वर्षांची होते. आठवडाभर महानगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायचे, आणि रविवारी हा वर्ग. त्यासाठी नगरहून धड्यांचं एक पुस्तक यायचं. प्रत्येक धड्याखाली पाच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं उत्तर छापलेलं. मुलांनी तेच उत्तर द्यायचं, मी शाबासकी द्यायची. मला त्यात काही खटकत नव्हतं. मी स्वतः तशीच शिकले होते. श्रद्धा ही माझ्यासाठी घरातल्या जिन्यासारखी होती. पायऱ्या मोजाव्या लागत नव्हत्या.

गैरहजर असलेली पाचही मुलं भेस्तानची, एकाच वसाहतीतली. दर रविवारी ती एका शटल रिक्षात कोंबून यायची. पहिल्या रविवारी वाटलं, कुणाकडे लग्न असेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, ताप आला असेल. तिसऱ्या रविवारी उरलेल्या सहांपैकी एकाच्या तोंडून निघून गेलं, "टीचर, त्यांच्याकडे गेम आलीय."

तेव्हा मी वर्ग आटोपता घेतला, मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, त्यांना सांगून उपासना चुकवली आणि भेस्तानला गेले.

ज्या घरात ती जमायची ते एका नर्सबाईंचं होतं. त्या सरकारी दवाखान्यात होत्या आणि त्या महिन्यांत त्यांना रविवारी ड्युटी लागत होती. नवरा वारलेला, घरात त्या आणि अकरा वर्षांची मुलगी. दार त्या मुलीनंच उघडलं. मला पाहून ती घाबरली नाही, हेच आधी लक्षात आलं. ती म्हणाली, "टीचर, एक मिनिट थांबा हं, माझी शेवटची लाइफ आहे," आणि परत जाऊन टीव्हीसमोर बसली.

खोलीत बाकीची चार मुलं जमिनीवर होती. पडदे ओढलेले, पंखा चालू. टीव्हीच्या खाली एक राखाडी डबा, त्यात खोचलेली पिवळी कॅसेट. आखातातल्या मामानं पाठवलेला व्हिडिओ गेम. पडद्यावर एक छोटा माणूस हातात कंदील घेऊन गुहांतून धावत होता, खड्ड्यांवरून उड्या मारत होता, वरून पडणारे दगड चुकवत होता. मुलीचे दोन्ही अंगठे इतके भराभर चालत होते, की माझ्या आईचे हात विणकाम करताना आठवले. मग एका रुंद खड्ड्याशी तो माणूस उडाला आणि खाली गेला. मुलांनी एकदम "मरी गयो!" अशी ओरड केली. मुलीनं रिमोट मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"आता रागवा."

मी रागावण्याचं भाषण रिक्षात तयार केलं होतं. ते मी केलंही. देवाचा दिवस, आईचा विश्वास, खोटेपणा, सगळं. मुलं माना खाली घालून ऐकत होती. भाषण संपल्यावर सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, "टीचर, तुम्ही एकदा खेळा ने. मग कळेल."

मी का बसले, मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा खोलीत गार होतं आणि मी उन्हातून आले होते. मुलीनं माझ्या हातात रिमोट दिला आणि कोणतं बटण कशाला ते सांगितलं. वर कोपऱ्यात तीन छोटे कंदील दिसत होते. "ह्या तुमच्या तीन लाइफ. एकदा पडलात की एक विझतो. तिन्ही विझले की पहिल्यापासून."

माझे तिन्ही कंदील मिनिटभरात विझले. मुलं इतकी हसली की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मी परत खेळले. परत पडले. पाच वाजले तेव्हा मला पहिला खड्डा ओलांडता येत होता आणि माझे अंगठे दुखत होते.

निघताना मी सौदा केला. त्यांनी वर्गाला आणि उपासनेला यायचं. उपासना संपल्यावर मी त्यांना सोडायला भेस्तानला येईन आणि अर्धा तास त्यांच्याबरोबर खेळेन. मुलांना तो फार आवडला. मला हरताना पाहणं त्यांना गेमपेक्षाही आवडत होतं.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. नर्सबाईंना काही सांगितलं नाही. पोरं परत यायला लागलीत, आता कशाला उगाच, असं मी स्वतःला समजावलं. त्या रविवारी दिसायच्या नाहीत, त्यामुळे न सांगणं सोपं होतं.

त्यानंतरचे काही रविवार माझ्या वर्गाचे सर्वांत चांगले गेले, असं तेव्हा मला वाटायचं. मी धडे गेमच्या भाषेत सांगायला लागले. सैतानानं रानात घेतलेली प्रभूची परीक्षा म्हणजे तीन स्टेज, आणि प्रत्येक स्टेजला सैतान नवा दगड टाकतो. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून निघालेले लोक चाळीस वर्षं एकाच स्टेजमध्ये अडकले, कारण पुढं जायची वाट माहीत असून त्यांनी विश्वास ठेवला नाही. मुलं पुढं सरकून बसायची. हात वर व्हायचे. अकराचे चौदा झाले, कारण वसाहतीतली आणखी तीन मुलं यायला लागली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील पंचांपैकी एकानं व्हरांड्यातून जाताना हे ऐकलं आणि पाळकसाहेबांकडे तक्रार केली, की टीचरनं देवाच्या वचनाचा खेळ मांडलाय. पाळकसाहेबांनी मला बोलावून विचारलं. मी सगळं सांगितलं, नर्सबाईंचं सोडून. ते म्हणाले, "मुलं ऐकताहेत ना? मग चालू दे. पण एक ध्यानात ठेव, मुलांना भाषा दिलीस की ती त्या भाषेत बोलणारही."

मला ते कौतुक वाटलं. तो इशारा होता.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तीन आठवड्यांवर आला होता. धडा क्रूसावरच्या मरणाचा. मी तो नेहमीसारखा सांगितला. गेमची भाषा त्या दिवशी वापरली नाही, तेवढं भान होतं. सांगून झालं आणि मी पुस्तकातले प्रश्न काढले, तर त्या मुलीनं हात वर केला.

"टीचर, प्रभूला आधीच माहीत होतं ना, तिसऱ्या दिवशी उठणार म्हणून?"

"हो. त्यानं शिष्यांना तसं सांगितलंही होतं."

"म्हणजे त्याची एक लाइफ बाकी होती."

मुलं हसली. ती हसली नाही. "एक लाइफ बाकी असली की मी पण मोठी उडी मारते. पडले तर पडले. परत येणारच असते. मग त्यानं दिलं काय?"

मी म्हणाले, "त्यानं आपल्या पापांसाठी प्राण दिला."

"ते पाठ आहे मला. पण प्राण परत मिळणार होता ना?"

मी पुस्तकात पाहिलं. अगदी खरंच पाहिलं, जणू पाचव्या प्रश्नाखाली ते छापलेलं असेल. ती थांबली नव्हती.

"माझी आई प्लेगमध्ये दवाखान्यात थांबली. सगळं गाव पळालं. डॉक्टरपण पळाले काही. तिला माहीत नव्हतं ती जगेल की नाही. तिच्याकडे एकच लाइफ होती." मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग मोठं कोणाचं?"

मला तिला रागवता आलं असतं. दुसऱ्या कुणी हा प्रश्न ऐकला असता तर रागावलंही असतं. पण ती वाद घालत नव्हती. तिला खरंच हवं होतं उत्तर. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगते," आणि गीत सुरू केलं.

त्या आठवड्यात शाळेत मी मुलांना गुणाकार शिकवत होते आणि डोक्यात हेच. मला भीती वाटत होती, ती तिच्या प्रश्नाची नव्हती. इतकी वर्षं हा प्रश्न मला पडला कसा नाही, याची होती. मी ती गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती. प्रत्येक वेळी मला शेवट माहीत होता, म्हणून मी मधला भाग पटापट ओलांडत आले होते.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पाळकसाहेबांकडे गेले. ते अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी प्लग फडक्यात गुंडाळला.

"गेममध्ये पडतं कोण?" त्यांनी विचारलं.

"तो माणूस. कंदीलवाला."

"आणि खेळणारी कुठं असते?"

"बाहेर. जमिनीवर बसलेली."

"म्हणजे तिला खरचटत नाही. मग तिला सांग, की प्रभू बाहेर बसून खेळला नाही. तो पडद्याच्या आत गेला. त्याला दगड लागला तो खराच लागला."

मला ते इतकं आवडलं की मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. रविवारी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितलं. मुलगी डोळे बारीक करून ऐकत होती. तिनं मान हलवली, मला वाटलं झालं. मग म्हणाली, "तो आत गेला."

"हो."

"मग रिमोट कोणाच्या हातात?"

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा पाळकसाहेब खो खो हसले. हसता हसता मध्येच थांबले. "बेटा, ह्याच प्रश्नावरून जुन्या काळी मोठमोठे धर्मगुरू एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आम्हाला सेमिनरीत हे शिकवायला एक अख्खं वर्ष गेलं, आणि परीक्षेत मी त्यातच कमी पडलो होतो." ते म्हणाले, "रिमोट पित्याच्या हातात, असं तू सांगू शकतेस. ते चूक नाही. पण मग ती विचारील, बापानं मुलाला खड्ड्यात उडी का मारायला लावली. तेव्हा मला बोलवू नकोस."

मी रडकुंडीला आले होते. ते त्यांनी पाहिलं असावं. आवाज उतरवून म्हणाले, "एक सांगू? ती प्रभूबद्दल विचारतेय हे खरं. पण प्रश्नात तिची आई आहे. तिच्या आईशी बोललीस का?"

नव्हते बोलले. आणि बोलायचं तर पहिल्या रविवारपासून सगळं सांगावं लागणार होतं.

मी गुरुवारी संध्याकाळी गेले. मुलगी शिकवणीला गेली होती. नर्सबाई जमिनीवर चादर घालून युनिफॉर्मला इस्त्री करत होत्या. उंच, सावळ्या, फार कमी बोलणाऱ्या बाई. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे टीचर म्हणायच्या, आणि नमस्काराच्या जागी आम्हा सगळ्यांत सलाम.

"सलाम, ताई."

"सलाम. बसा टीचर. आज इकडे कशा?"

मी सांगितलं. किती रविवार मुलगी आली नाही, मी घरी कशी आले, मी स्वतः कशी खेळायला बसले, आणि तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या घरात त्यांना न सांगता कशी येते. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"तुम्हीपण खेळता?"

"हो."

"मी तिथं वॉर्डात उभी असते आणि मनाला एवढाच आधार असतो, की आता तीन वाजले, पोरगी देवाच्या घरात असेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्यापाशी दुसरं कोण आहे सांगणारं? तुम्ही सांगायला पाहिजे होतं टीचर."

"हो ताई. चुकलं माझं."

त्यांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली. दोन-तीन वेळा एकाच घडीवरून फिरवली. मला वाटलं उठून जावं. पण ज्यासाठी आले होते ते राहिलंच होतं, म्हणून मी मुलीचा प्रश्न सांगितला. लाइफचा, मग मोठं कोणाचं हा. शब्द न बदलता.

इस्त्री थांबली. कपड्याला डाग पडेल म्हणून मीच हात पुढं केला, तेव्हा त्या भानावर आल्या आणि बटण बंद केलं.

"असं म्हणाली?"

"हो."

"मी काही मोठं केलं नाही. ड्युटी होती." मग भिंतीकडे बघत त्या बोलायला लागल्या. "आणि तिला वाटतं तसं नव्हतं. मला माहीत नव्हतं असं नाही. डॉक्टरसाहेबांनी आम्हाला सांगितलं होतं, की गोळ्या वेळेवर घेतल्या, तोंड बांधलं, तर तुम्हाला काही होणार नाही. औषध आहे याला. मला पटलंही होतं. मी शिकलेली बाई आहे. तरी रोज वॉर्डच्या दारात पाय अडायचा. हात असे थरथरायचे की सलाइन लावताना दुसरीला धरायला सांगायचे."

"माहीत असूनही?"

"माहीत असून काय होतं, टीचर? ऑपरेशनला नेतो ना आम्ही पेशंटला, त्याला सांगितलेलं असतं की तासाभरात भूल उतरेल, जागा होशील. त्याला ते ठाऊक असतं. शहाणीसुरती माणसं असतात. पण आत नेताना माझा हात सोडत नाहीत. मोठे मोठे गडी. बोटं सोडवून घ्यावी लागतात." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "जागं होणार हे खरं. पण त्या आधी जे व्हायचं ते व्हायचंच असतं ना अंगावर. ते काय कमी होतं?"

त्यांनी युनिफॉर्मची घडी घालून चादरीवर ठेवली.

"प्रभूला धरून नेलं त्या रात्रीची, बागेतली प्रार्थना तुम्हीच शिकवता ना पोरांना? घाम गळेपर्यंत विनवणी केली त्यानं, की हे टळू दे. तिसऱ्या दिवसाचं त्याला माहीत होतं, तर मग घाम कशाचा?"

मी ती बाग दर वर्षी शिकवत होते. पुस्तकात तिचा वेगळा धडा होता. क्रूसाच्या धड्याशी त्याचा काही संबंध असू शकतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मुलगी उभी होती, दप्तर खाली टाकलेलं. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"मग मला का पाठवलंस?" ती आईला म्हणाली.

प्लेगच्या त्या दिवसांत तिला मावशीबरोबर नगरला पाठवलं होतं, एवढं मला माहीत होतं. कसं, ते त्या संध्याकाळी कळलं. स्टेशनवर डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी कशीबशी आत शिरली आणि आईनं मुलीला उचलून खिडकीतून आत ढकललं.

"तू मला आत टाकलंस आणि निघून गेलीस," मुलगी म्हणाली. "वळून पण पाहिलं नाहीस. मी हाका मारत होते."

"ऐकू येत होत्या."

"मग?"

"वळून पाहिलं असतं तर मीपण चढले असते गाडीत."

मुलगी दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीतच आहे की तू मरणार. म्हणून मला देऊन टाकलंस."

"तू परत भेटणार हे मला माहीत होतं," नर्सबाई म्हणाल्या. "नक्की माहीत होतं. तरी स्टेशनच्या बाहेर आले आणि तिथंच रस्त्यावर बसले. एका रिक्षावाल्यानं पाणी दिलं."

मुलगी आत आली. आईजवळ नाही, इस्त्रीच्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि घडी घातलेल्या युनिफॉर्मची बाही सरळ करायला लागली. "मला फार राग आला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. गावाहून आल्यावर महिनाभर तू माझ्याकडे पाठ करून झोपत होतीस."

मी उठले. दोघींपैकी कुणी मला थांबवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

नर्सबाईंनी मला लगेच माफ केलं असं नाही. त्या रविवारी मुलं वर्गाला आली ती गेमची कॅसेट आईच्या कपाटात बंद झाल्याची बातमी घेऊन. यापुढं फक्त शनिवारी, आणि आई घरी असेल तेव्हाच. टीचरनं घरी यायचं तर आई असताना यायचं. मी ते मान्य केलं. त्यांचा सलाम पुढं काही आठवडे जेवढ्यास तेवढा होता. मग पावसाळ्यात मला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात माझ्या कॉटशी त्याच येऊन उभ्या राहिल्या, आणि तिथून पुढं आमचं बरं जमलं.

मुलीनं तो प्रश्न मला परत विचारला नाही. मीही तिला विचारलं नाही की उत्तर मिळालं का. चौदाव्या वर्षी मंडळीत दृढीकरणाची वेळ आली, म्हणजे स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर विश्वास कबूल करायची, तेव्हा तिनं पाळकसाहेबांना सांगितलं की मला अजून एक वर्ष पाहिजे. वडील मंडळींना ते रुचलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "घे की." एका वर्षानं तिनं ते केलं. तोवर माझं लग्न होऊन मी सुरत सोडली होती. नर्सबाईंच्या पत्रातून कळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार मला वेगळा आठवतो.

त्या दिवशी गुजराती आणि मराठी मंडळीची उपासना एकत्र असायची, दुपारी बारा ते तीन. क्रूसावरून प्रभूनं काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचनं, एक उद्गार गुजरातीत, एक मराठीत. चर्च गच्च भरलेलं, एप्रिलचं ऊन, आणि बारानंतर वीज गेली. पंखे थांबले. बायका पदरानं वारा घेत होत्या, पुरुषांचे शर्ट पाठीला चिकटले होते. नर्सबाईंनी कुणाशी तरी ड्युटी बदलून घेतली होती. त्या माझ्या पुढच्या बाकावर होत्या, मुलगी त्यांच्या शेजारी.

पाळकसाहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी क्रूसापासून सुरुवात केली नाही. आधी बाग सांगितली. आवाज न चढवता, शेजारच्या गल्लीत घडलेलं सांगावं तशी. शिष्य झोपलेत. तो एकटा पुढं जातो. परत येतो, त्यांना उठवतो, पुन्हा जातो. त्याला कुणीतरी जागं सोबत हवंय. तीनदा तो तेच मागतो.

मी लहानपणापासून तो मजकूर ऐकत आले होते. पुढं काय होणार, मला शब्दन् शब्द ठाऊक होतं. शुक्रवार, शनिवार, मग रविवारी पहाटेचं थडगं, सरकवलेली धोंड, सगळं. आणि तरी त्या दुपारी त्या उकाड्यात मी बाकाच्या कडेवर सरकून बसले. मला वाटलं, आता त्याला धरायला मशाली घेतलेली माणसं येतील, आणि ती येऊ नयेत. मी चक्क मनात म्हणाले, येऊ नयेत. ओठ हलले असावेत, कारण शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं.

माणसं आली. गोष्ट तशीच पुढं गेली, जशी दर वर्षी जाते.

तीन वाजता उपासना संपली. त्या दिवशी आमच्यात कुणी कुणाशी बोलत नाही, सलामही करत नाही. सगळे मुकाट्यानं बाहेर पडतात. अंगणात ऊन इतकं होतं की डोळे उघडवत नव्हते. मी चपला शोधत पायरीवर बसले. डोकं दुखत होतं, घसा कोरडा पडला होता, आणि रविवार अजून दोन दिवस लांब होता.